४५ फाइली आणि एक नसलेली परीक्षा

आजचा एपिसोड एका परीक्षेबद्दल आहे. यूपीएससी नाही, नीट नाही. ही परीक्षा जगात फार थोडे लोक देतात. ती पास झालेल्या माणसाशी तुमची-माझी गाठ बहुधा पडणार नाही, आणि पडलीच तर आपण बोलायच्या अवस्थेत नसू.

फॉरेन्सिक पॅथॉलॉजीची परीक्षा. मृत्यू संशयास्पद असेल तर शवविच्छेदन करून तो कशाने झाला हे सांगणारा डॉक्टर. त्याला किती वर्षं शिकवायचं, कोणाच्या हाताखाली शिकवायचं, आणि तो तयार झाला हे कोणी ठरवायचं? या सगळ्याचे नियम म्हणजे आजचा विषय. ऐकायला रटाळ आहे, मान्य. पण हे नियम कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात वेळेवर झाले नाहीत, आणि त्यापायी माणसं खुनी ठरली, तुरुंगात गेली, आणि काहींची जिवंत असलेली मुलंसुद्धा त्यांच्यापासून कायमची दुरावली. तर चला, टोरंटोला जाऊया.

आधी एक फरक समजून घेऊ, कारण सगळी गोष्ट या फरकावर उभी आहे. हॉस्पिटलमधला पॅथॉलॉजिस्ट आजार शोधतो. गाठ कॅन्सरची आहे का, लिव्हर का खराब झालं, हे तो काचेच्या स्लाइडवर बघतो. फॉरेन्सिक पॅथॉलॉजिस्टसमोरचे प्रश्न वेगळे असतात. ही जखम पडल्याने झाली की मारल्याने? हा डाग मारहाणीचा आहे, की मृत्यूनंतर आपोआप पडलेला? माणूस गेल्यावर शरीराचा जो भाग खाली असतो तिथे रक्त साचतं आणि कातडी निळी-जांभळी दिसते. ज्याने असे शेकडो देह पाहिलेत त्याला ते लगेच कळतं. ज्याने पाहिलेले नाहीत त्याला ती मारहाण वाटू शकते. आणि त्याचा अंदाज चुकला तर तो रिपोर्ट पेशंटच्या फाइलमध्ये पडून राहत नाही, थेट कोर्टात जातो.

आता कॉरोनर म्हणजे कोण? इंग्लंडमध्ये मध्ययुगापासून चालत आलेलं हे पद आहे. अनैसर्गिक मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी. इंग्रज जिथे गेले तिथे हे पद गेलं. आपल्या मुंबईतही १८७१ च्या कायद्याखाली कॉरोनर होता, आणि ते पद बंद झालं थेट १९९९ मध्ये. ऑन्टारिओत कॉरोनर डॉक्टर असावा लागतो, पण तो अगदी फॅमिली डॉक्टरही असू शकतो. तो स्वतः शवविच्छेदन करत नाही, ते पॅथॉलॉजिस्टकडून करून घेतो.

शेजारच्या अमेरिकेत अमेरिकन बोर्ड ऑफ पॅथॉलॉजीने १९५९ मध्येच फॉरेन्सिक पॅथॉलॉजीची वेगळी परीक्षा सुरू केली होती. आधी पॅथॉलॉजी शिका, मग फॉरेन्सिकचं वेगळं ट्रेनिंग घ्या, मग परीक्षा द्या. कॅनडात मात्र पुढची कित्येक वर्षं असं काही नव्हतं. कोर्स नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. ज्यांना खरंच शिकायचं होतं ते अमेरिकेला किंवा ब्रिटनला जायचे. बाकीचे हॉस्पिटलमधलं आपलं काम सांभाळून कॉरोनरने पाठवलेली शवविच्छेदनं करायचे आणि करता करता शिकायचे. करता करता शिकण्यात वाईट काही नाही. पण तुम्ही बरोबर शिकताय की चूक, हे सांगणारं कोणीतरी लागतं. इथे तसं कोणी नव्हतं.

अशा वेळी आपल्या गोष्टीत येतात डॉक्टर चार्ल्स स्मिथ. टोरंटोच्या 'हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रन' या नावाजलेल्या हॉस्पिटलातले बालरोग पॅथॉलॉजिस्ट. लहान मुलांचे आजार हा त्यांचा विषय. फॉरेन्सिकचं औपचारिक ट्रेनिंग शून्य. पण लहान मुलांचे संशयास्पद मृत्यू हे काम मनाला फार जड जातं, फारसं कोणी पुढे येत नाही. स्मिथ पुढे आले.

१९८८ मध्ये टिमिन्स नावाच्या गावात १६ महिन्यांची एक मुलगी दगावली. तिला सांभाळत होती १२ वर्षांची एक शाळकरी मुलगी. ती सांगत होती, बाळ जिन्यावरून पडलं. स्मिथ म्हणाले, पडण्याने असं होत नाही, बाळाला जोरजोरात हलवलं गेलंय. त्या १२ वर्षांच्या मुलीवर मनुष्यवधाचा खटला चालला. बचाव पक्षाने एकामागून एक तज्ज्ञ उभे केले. १९९१ मध्ये न्यायाधीश पॅट्रिक डन यांनी मुलीला निर्दोष सोडलं, आणि निकालपत्रात स्मिथ यांच्या कामातल्या उणिवा सविस्तर लिहिल्या.

इथे थांबून विचार करा. कोर्टाने लेखी सांगितलंय की या डॉक्टरच्या पद्धतीत गडबड आहे. पुढे काय व्हायला हवं होतं? आणि झालं काय? १९९२ मध्ये स्मिथ त्याच हॉस्पिटलमधल्या बाल फॉरेन्सिक पॅथॉलॉजी विभागाचे प्रमुख झाले. सगळ्या ऑन्टारिओत मुलाचा मृत्यू संशयास्पद वाटला, की मत मागायला याच विभागाचं नाव पुढे यायला लागलं.

१९९३ मध्ये सू सेंट मरी या गावात ४ वर्षांची एक मुलगी सकाळी अंथरुणात मृत सापडली. आदल्या रात्री तिचा काका घरी होता. मुलीवर अत्याचार करून तिचा गळा दाबला, असं मत डॉक्टरांनी दिलं, आणि त्यात स्मिथ यांचं वजनदार मत होतं. १९९४ मध्ये काकाला जन्मठेप झाली. प्रत्यक्षात, ज्या खुणांवर हे सगळं उभं होतं त्या मृत्यूनंतर शरीरात होणाऱ्या नैसर्गिक बदलांच्या होत्या. त्याच निळ्या-जांभळ्या डागांसारख्या. तो माणूस १२ वर्षं तुरुंगात होता, लहान मुलीवर अत्याचार करणारा हा शिक्का घेऊन. पुन्हा तपासणीची मागणी झाली तेव्हा ऊतींचे नमुने सापडेनात. शेवटी ते मिळाले स्मिथ यांच्याच ऑफिसात.

दुसरं प्रकरण. अडीच वर्षांचा एक मुलगा, त्याला फिट्स यायच्या. त्याच्या मृत्यूचं कारण स्मिथ यांनी श्वास कोंडणं असं दिलं. १९९५ मध्ये त्याची तरुण आई खुनी ठरली. ती सुमारे १४ वर्षं आत होती. तिची बाकीची दोन मुलं दत्तक दिली गेली. २०११ मध्ये तिची शिक्षा रद्द झाली.

तिसरं प्रकरण किंग्स्टन शहरातलं, १९९७ चं. ७ वर्षांची मुलगी, अंगावर असंख्य जखमा. स्मिथ म्हणाले, भोसकल्याच्या जखमा. आईवर खुनाचा आरोप लागला आणि खटला उभा राहण्याआधीच तिची जवळपास २ वर्षं कोठडीत गेली. घरात एक पिटबुल कुत्रा होता, हे पहिल्यापासून माहीत होतं. देह पुन्हा उकरून काढला, इतर तज्ज्ञांनी बघितला, तर त्यात कुत्र्याचे चावे निघाले. २००१ मध्ये आरोप मागे घेतला गेला.

आता तुम्ही म्हणाल, एक माणूस वाईट निघाला, यात परीक्षेचा आणि कोर्सचा काय संबंध? हा प्रश्न बरोबर आहे, आणि आजच्या एपिसोडचा गाभाही हाच आहे.

बघा, स्मिथ यांच्यावर लक्ष ठेवायचं काम कोणाचं होतं? मुख्य कॉरोनर आणि उपमुख्य कॉरोनर यांचं. ते डॉक्टर होते, पण फॉरेन्सिक पॅथॉलॉजिस्ट नव्हते. स्मिथ यांचा रिपोर्ट वाचून 'हे चुकतंय' असं म्हणायला जे ज्ञान लागतं ते त्यांच्याकडे नव्हतं. सरकारी वकिलाकडे नव्हतं. ज्युरीकडे तर असण्याचा प्रश्नच नाही. मग सगळ्यांनी कशावर विश्वास ठेवला? नावावर. मोठं हॉस्पिटल, प्रमुखाचं पद, कोर्टात ठामपणे बोलण्याची हातोटी, आणि याआधी इतक्या केसेस केल्यात हा आकडा. मोजपट्टी नसली की माणसं कीर्तीने मोजतात, आणि कीर्तीचं असं आहे की ती चुकांनीसुद्धा वाढते, जोपर्यंत चूक ओळखणारा कोणी नसतो तोपर्यंत.

त्यात भर म्हणून वातावरणही तसंच होतं. १९९५ मध्ये मुख्य कॉरोनरच्या कार्यालयाने ६३१ नंबरचं परिपत्रक काढलं. लहान मुलांच्या मृत्यूंकडे बघताना 'थिंक डर्टी', म्हणजे आधी संशय घ्या, अशी त्यात सूचना होती. हेतू वाईट नव्हता, मुलांवरचे अत्याचार नजरेतून सुटत होते ही खरी अडचण होती. पण ज्याला नीट शिकवलेलं नाही त्याच्या हातात संशय दिला की तो पुराव्याची जागा घेतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याला प्रॉडक्शनचा ॲक्सेस देत नाहीत. त्याचा कोड कोणीतरी बघतो, शेरे मारतो, परत पाठवतो. कंटाळा येतो, पण सिनिअर झालात तरी तुमचा कोड कोणीतरी बघतोच. आणि आमच्याकडे जास्तीत जास्त काय होतं? ॲप बंद पडतं, रात्री उठून आधीचं व्हर्जन परत चढवतो. १२ वर्षांच्या तुरुंगवासाला परत चढवायला आधीचं व्हर्जन नसतं. तरीही जिथे धोका इतका मोठा होता, तिथे रिव्ह्यू करणारी माणसंच तयार केलेली नव्हती.

शेवटी २००५ मध्ये फेरतपासणी जाहीर झाली. १९९१ पासूनच्या स्मिथ यांच्या ४५ फाइली, सगळ्या खुनाच्या किंवा गुन्ह्याचा संशय असलेल्या. त्या तपासायला बहुतेक तज्ज्ञ परदेशातून बोलावले. एप्रिल २००७ मध्ये निष्कर्ष आला: ४५ पैकी २० प्रकरणांत स्मिथ यांच्या मतात गंभीर प्रश्न होते. त्यातल्या डझनभर प्रकरणांत लोक दोषी ठरलेले होते. सू सेंट मरीचा तो काका ऑक्टोबर २००७ मध्ये निर्दोष सुटला.

सरकारने न्यायमूर्ती स्टीफन गौज यांचा चौकशी आयोग नेमला. जानेवारी २००८ मध्ये स्मिथ स्वतः साक्षीला आले. आपलं फॉरेन्सिकचं ट्रेनिंग अगदीच अपुरं होतं, हे त्यांनी मान्य केलं. तज्ज्ञ साक्षीदाराचं काम सरकारी पक्षाला मदत करणं आहे असा आपला समज होता, हेही सांगितलं. हे फार महत्त्वाचं आहे. तज्ज्ञाने कोर्टाला मदत करायची असते, कुठल्याही एका बाजूला नाही. फॉरेन्सिकच्या कोर्सच्या सुरुवातीलाच शिकवायची ही गोष्ट, आणि दोन दशकं कोर्टात उभं राहणाऱ्या माणसाला ती कोणी शिकवली नव्हती. त्याच सुनावणीत त्यांनी त्या काकाची समोरासमोर माफी मागितली. २०११ मध्ये त्यांचा डॉक्टरकीचा परवाना रद्द झाला.

गौज यांचा अहवाल १ ऑक्टोबर २००८ ला आला, १६९ शिफारशींसह. हा अहवाल एका माणसाला फटकारून थांबला असता तर आज मी त्यावर एपिसोड केला नसता. गौज यांनी विचारलं, हा माणूस इतकी वर्षं कसा टिकला? आणि त्यांच्या उत्तरात शिक्षण अगदी मध्यभागी आहे.

इथे कॅनडाची ती परीक्षा येते. कॅनडाच्या रॉयल कॉलेजने फॉरेन्सिक पॅथॉलॉजीला स्वतंत्र उपशाखा म्हणून मान्यता दिली २००३ मध्ये. अमेरिकेनंतर ४४ वर्षांनी. मान्यता मिळाली म्हणून लगेच कोर्स सुरू होत नाही. त्याला शिकवणारे लागतात, पैसा लागतो, पुरेशा केसेस येणारी जागा लागते. टोरंटो विद्यापीठातला कोर्स २००८ मध्ये सुरू झाला, त्यामागे होते डॉक्टर मायकल पोलानेन, तेव्हाचे ऑन्टारिओचे मुख्य फॉरेन्सिक पॅथॉलॉजिस्ट. सू सेंट मरीच्या प्रकरणाची फेरतपासणी करून चूक दाखवून देणाऱ्यांत तेही होते.

या ट्रेनिंगमध्ये असतं काय? आधी पॅथॉलॉजीची ५ वर्षांची रेसिडेन्सी. त्यावर फॉरेन्सिकचं एक पूर्ण वर्ष, आणि मग परीक्षा. हे एक वर्ष हॉस्पिटलचं काम सांभाळून फावल्या वेळात करायचं नसतं. रोज देखरेखीखाली शवविच्छेदनं. घटनास्थळी जायचं, कारण जिना किती उंच आहे हे टेबलावर कळत नाही. विषतपासणीचा अहवाल वाचायला शिकायचं. हाडांचे, दातांचे तज्ज्ञ काय सांगू शकतात आणि काय नाही, ते समजून घ्यायचं. सिनिअर कोर्टात साक्ष देत असताना ऐकत बसायचं, मग स्वतः द्यायची. जबाबदारी हळूहळू वाढते, आणि प्रत्येक पायरीवर वरचा माणूस त्यावर सही करतो.

आता यातली प्रत्येक ओळ त्या फाइलींशेजारी ठेवून बघा. देखरेखीखाली शेकडो देह पाहिलेल्या माणसाने मृत्यूनंतरचे डाग अत्याचाराच्या खुणा ठरवायच्या आधी दहादा विचार केला असता. चाव्याच्या जखमा कशा दिसतात हे शिकवलेल्याने कुत्र्याची शक्यता सहज झटकली नसती. अभ्यासक्रमाची कागदावरची रुक्ष यादी म्हणजे एका अर्थाने आधीच्या चुकांची यादी असते, फक्त उलटी लिहिलेली.

पण गौज एवढ्यावर थांबले नाहीत, कारण परीक्षा एकदाच होते आणि माणूस ३० वर्षं काम करतो. म्हणून पुढच्या गोष्टी आल्या. २००९ मध्ये ऑन्टारिओचा कॉरोनर कायदा बदलला आणि फॉरेन्सिक पॅथॉलॉजीची स्वतंत्र सेवा उभी राहिली. पॅथॉलॉजिस्टांची नोंदवही झाली: ज्याचं नाव त्यात आहे त्यानेच कॉरोनरची शवविच्छेदनं करायची. खुनाच्या आणि संशयाच्या प्रकरणांत रिपोर्ट बाहेर जाण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञाने तो तपासायचा. मुख्य फॉरेन्सिक पॅथॉलॉजिस्ट हे पद कायद्याने आलं, म्हणजे देखरेख करणाऱ्यालाही विषय कळू लागला.

अहवालात भाषेबद्दलही सूचना आहेत, आणि मला त्या सगळ्यात जास्त आवडल्या. पॅथॉलॉजिस्ट रिपोर्टमध्ये लिहितात, 'हे गळा दाबण्याशी सुसंगत आहे.' डॉक्टरच्या डोक्यात याचा अर्थ असतो, 'गळा दाबलेला असू शकतो, इतरही दहा गोष्टी असू शकतात.' ज्युरीला ऐकू येतं, 'गळा दाबला.' म्हणून हा शब्दप्रयोग टाळा, खात्री किती आहे ते सरळ लिहा, सामान्य माणसाला कळेल असं लिहा, आणि आपल्याला काय सांगता येत नाही तेही लिहा, असं गौज यांनी सुचवलं. आणि 'थिंक डर्टी'च्या जागी त्यांनी दोन शब्द दिले: 'थिंक ट्रुथ'. संशयही नको, दयाही नको, खरं काय ते बघा.

याची किंमत आहे हेही सांगायला हवं. नियम कडक केले की माणसं कमी पडतात. ५ वर्षांनंतर आणखी एक वर्ष शिकायचं, आणि मग जिवंत पेशंट बघणाऱ्या मित्रांपेक्षा कमी पैशात काम करायचं, याला किती जण तयार होणार? अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या २००९ च्या अहवालानुसार तिथे पूर्णवेळ फॉरेन्सिक पॅथॉलॉजिस्ट होते ४०० ते ५००, आणि गरज होती सुमारे १,००० ची. अर्धशतक परीक्षा घेऊनही ही स्थिती. म्हणजे नुसते नियम लिहून भागत नाही. ट्रेनिंगच्या जागांना पैसा द्यावा लागतो, नाहीतर चांगल्या नियमाखाली रिकाम्या खुर्च्या राहतात आणि काम पुन्हा न शिकलेल्यांकडे सरकतं.

आपल्याकडे काय? आपल्याकडे फॉरेन्सिक मेडिसिनची ३ वर्षांची एमडी आहे, मेडिकल कॉलेजांत विभाग आहेत. पण गावाकडच्या ग्रामीण रुग्णालयात पीएम करतो तो बहुतेक वेळा एमबीबीएस झालेला मेडिकल ऑफिसर. सकाळी ओपीडी, दुपारी डिलिव्हरी, आणि मध्येच पोलीस पंचनामा घेऊन येतात. त्याने हा विषय एमबीबीएसला शिकलेला असतो, पण वर्षभर कोणाच्या हाताखाली फक्त हेच काम केलेलं नसतं. दोष त्याचा नाही. त्याला ते काम देताना आपण त्याच्या हातात काय दिलं, हा प्रश्न आहे. पुढच्या वेळी बातमीत 'पीएम रिपोर्ट आला' असं वाचलंत, की आणखी एक गोष्ट विचारा: रिपोर्ट लिहिणाऱ्याला हे काम कोणी शिकवलं होतं, आणि तो बाहेर जाण्याआधी दुसऱ्या जाणत्या माणसाने वाचला होता का?

ऑन्टारिओला हे दोन प्रश्न विचारायला ४५ फाइली लागल्या. आपल्याला तेवढी वाट बघायची गरज नाही, कारण त्यांनी उत्तरं लिहून ठेवलीत, १६९ शिफारशींमध्ये.

आज इथेच थांबतो. तुमच्या ओळखीत कोणी एमबीबीएस करत असेल आणि फॉरेन्सिकच्या लेक्चरला दांडी मारत असेल, तर हा एपिसोड त्याला नक्की पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात!